उमरखाडीचा तक्ता

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला आहे. चार मजले, छप्पन्न फ्लॅट, लिफ्ट नाही. ऐंशीच्या दशकात बांधलेल्या इमारतींचं जे होतं ते आमच्याही इमारतीचं झालंय: गच्चीवर दर मे महिन्यात डांबर, जिन्यात दर जुलैमध्ये बादल्या. गेल्या वर्षी पुनर्विकासाचा विषय निघाला. कमिटीत सरासरी वय पासष्ट असल्यामुळे 'सगळ्यांचं मत घ्या' हे काम, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे एवढ्याच कारणावरून, माझ्याकडे आलं. मी एक ऑनलाइन फॉर्म केला. फ्लॅट क्रमांक, पत्रव्यवहाराचा पत्ता, पुनर्विकासाला हो की नाही, असल्यास शेरा. आठवड्याभरात ४८ उत्तरं आली. ३१ हो, १७ नाही. मी त्याचा गोल तक्ता केला, पासष्ट टक्के हिरवा आणि पस्तीस टक्के लाल, आणि छापून नोटीस बोर्डावर लावला.

मला 'हो'च हवं होतं, हेही सांगून टाकते. आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे आणि आईचे गुडघे गेलेत.

दुसऱ्या दिवशी ऐरोलीहून ऑफिस उरकून आले तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात थांबलेल्या. काकूंनी परळच्या हाफकिनमध्ये तीस वर्षं कारकुनी केली. निवृत्त होऊनही त्यांना बरीच वर्षं झाली, पण हिशेबाचा कागद दिसला की त्यांचा चष्मा आपोआप नाकावर येतो.

"अगं, तो तक्ता तू लावलास?"

"हो काकू. का?"

"यातले इथे राहणारे किती आणि घर भाड्याने देऊन बाहेर गेलेले किती?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे माझ्याकडे होतं, पत्त्याच्या रकान्यात. पण मी तसं पाहिलं नव्हतं. काकू एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडे असा कागद साहेबांपुढे ठेवला असता ना, तर परत आला असता."

वर जाऊन लॅपटॉप उघडला. जे निघालं ते असं:

| | हो | नाही | एकूण |
|---|---|---|---|
| इथे राहणारे | १४ | १६ | ३० |
| बाहेर राहणारे | १७ | १ | १८ |
| एकूण | ३१ | १७ | ४८ |

इथे राहणाऱ्यांमध्ये 'नाही' जास्त आहेत. हो म्हणणाऱ्या ३१ जणांपैकी १७ जण या जिन्याने चढतच नाहीत. खालची ओळ तीच आहे, ३१ आणि १७, तिच्यात काहीही खोटं नाही. ती फक्त दोन वेगळ्या इमारतींची बेरीज आहे, एक राहायची आणि एक गुंतवणुकीची. ऑफिसात असे तक्ते मी दिवसाला दहा करते. तिथे त्याला पिव्हट म्हणतात, जुने लोक क्रॉसटॅब म्हणतात, आणि पाठ्यपुस्तकात त्याला 'द्विमार्गी वारंवारता सारणी' असं भारदस्त नाव आहे. काम एवढंच की प्रत्येक माणसाला दोन प्रश्न विचारायचे आणि दोन्ही उत्तरं एकाच चौकटीत मोजायची. दहा सेकंदांचं काम, आणि ते मी केलं नव्हतं, कारण गोल तक्ता मला हवं ते सांगत होता.

'साहेबांपुढे' हा शब्द मात्र डोक्यात राहिला. हाफकिन संस्थेचं नाव ज्यांच्यावरून पडलं त्या साहेबांनी मुंबईत नेमकं काय मोजलं होतं, हे शोधायला मी बसले. पुढचे तीन शनिवार त्यातच गेले.

*

वाल्देमार हाफकिन. जन्म १८६०चा, ओडेसातला, ज्यू कुटुंबातला. पॅरिसला पाश्चर संस्थेत काम केलं, कॉलऱ्याची लस केली आणि ती घेऊन १८९३ साली हिंदुस्थानात, कलकत्त्याला आला. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांना प्लेगचा रोगी सापडला. ऑक्टोबरात सरकारने हाफकिनला मुंबईला पाठवलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला प्रयोगशाळा म्हणून जे मिळालं ते आजच्या भाषेत स्टार्टअपपेक्षाही कमी होतं: एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली.

त्या वेळची मुंबई डोळ्यांपुढे आणायची तर शिरगणतीचे दोन आकडे पुरतात. १८९१मध्ये शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, १९०१मध्ये ७,७६,००६. वाढण्यासाठीच जन्मलेलं हे शहर त्या दहा वर्षांत आकसलं. जे जाऊ शकत होते ते कोकणात, घाटावर, गुजरातेत गेले. काही जवळच्या साष्टीत आले, जिथे वांद्रे, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड ही सगळी तेव्हा ठाणे जिल्ह्यातली गावं होती. पण प्लेग त्यांच्या मागोमाग आला. वांद्र्याच्या गल्ल्यांतून आजही जे क्रूस दिसतात त्यांतले कितीतरी त्या साथीतले आहेत. मी कॉलेजात असताना त्यांच्यासमोर उभं राहून वडापाव खाल्लाय, काय आहेत ते न कळता.

आणि शहराचा सरकारवर काडीचा विश्वास नव्हता. ऑक्टोबर १८९६मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, कारण तिथे नेलेला माणूस परत येत नाही अशी समजूत होती. आणि ती सर्वस्वी चुकीचीही नव्हती. पुण्यात सोजिरांची घरझडती, रँडचा खून, चापेकर, लोकमान्यांवरचा खटला हे १८९७चंच आहे, आणि ते आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. सावित्रीबाई १० मार्च १८९७ला गेल्या, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता. लस तोवर दोन महिन्यांची झाली होती.

अशा वेळी हाफकिनला एक प्रश्न सोडवायचा होता, आणि तो जीवाणूशास्त्राचा नव्हता. लस टोचलेला माणूस जगला, तर तो लसीमुळे जगला हे कशावरून? प्लेगच्या शहरातही बहुतेक लोकांना प्लेग होत नाही. शंभर जणांना टोचलं आणि पंच्याण्णव निरोगी राहिले हा आकडा ऐकायला छान आहे, पण त्याच गल्लीतल्या न टोचलेल्या शंभरांपैकीही पंच्याण्णव निरोगी राहिले असतील, तर त्याची किंमत शून्य. म्हणजे त्याला दुसरी ओळ हवी होती. टोचलेल्यांची एक, न टोचलेल्यांची एक. आजारी पडलेल्यांचा एक रकाना, न पडलेल्यांचा एक. मी मुलुंडच्या नोटीस बोर्डावर लावायला विसरले तेच.

*

दुसरी ओळ मिळवायची कुठून? मुंबईत माणसं धरून ठेवता येत नव्हती. आज टोचलेला उद्या रत्नागिरीच्या बोटीवर असायचा. सगळे एकाच छपराखाली, एकच अन्न खाणारे, रोज मोजले जाणारे लोक एकाच जागी होते: तुरुंगात.

जानेवारी १८९७च्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला तिथल्या, स्वतःहून तयार झालेल्या कैद्यांना लस टोचली. त्यानंतरच्या आठवड्यात न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यांतले ६ मेले. टोचलेल्यांत २ जण आजारी पडले, मेलं कुणीच नाही.

इथे आपण टाळ्या वाजवू. हाफकिनच्या टीकाकारांनी वाजवल्या नाहीत, आणि मला वाटतं ते बरोबर होते. स्वतःहून तयार झालेले म्हणजे कोण? धडधाकट, घाबरट नसलेले, साहेबाच्या शब्दावर विश्वास ठेवू शकणारे. जो आधीच अंगात ताप घेऊन कोपऱ्यात पडलाय तो सुई टोचून घ्यायला पुढे येणार नाही. मग जी दोन माणसं आपण शेजारी उभी करून तुलतोय ती सुरुवातीपासूनच सारखी नाहीत. माझ्या फॉर्मलाही ४८ जण 'स्वतःहून'च तयार झाले होते. न भरणारे आठ फ्लॅट कोणते ते मी नंतर पाहिलं. सगळे इथेच राहणारे. बहुतेक घरांत एकेकटं माणूस, सत्तरीच्या पुढचं. लिंक पाठवलेल्या फोनवर ते फक्त मुलांचे व्हिडिओ कॉल घेतात.

हाफकिनने ही चूक दुसऱ्यांदा केली नाही. वर्षाच्या शेवटी प्लेग उमरखाडीच्या तुरुंगात पोचला. हा डोंगरीचा तुरुंग. १८८२मध्ये टिळक आणि आगरकर याच तुरुंगात १०१ दिवस होते आणि आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. जानेवारी १८९८ उजाडला तेव्हा तिथल्या सगळ्या कैद्यांना अंगणात आणलं, निवड न करता ओळींमध्ये बसवलं, आणि एक सोडून एक टोचत गेले.

एक सोडून एक. या तीन शब्दांवर मी बराच वेळ अडकले होते. त्यात कुणाची इच्छा नाही, कुणाचा धीर नाही, डॉक्टरची आवडनिवड नाही. ओळीत तुम्ही कुठे बसलात, बस्स. आज याला यादृच्छिक विभागणीचा धाकटा भाऊ म्हणतात. औषधांच्या चाचण्यांत तिला प्रतिष्ठा मिळाली ती पुढे पन्नासेक वर्षांनी.

कैदी सुटत होते, येत होते, त्यामुळे हाफकिनने हिशेब दैनंदिन सरासरी संख्येवर केला. तो असा आला:

| | प्लेग झाला | झाला नाही | एकूण | मृत्यू |
|---|---|---|---|---|
| टोचलेले | ३ | १४४ | १४७ | ० |
| न टोचलेले | १० | ११७ | १२७ | ६ |

हा तक्ता वाचायच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांतली एक जवळजवळ नेहमी फसवते. आडवं वाचलं तर: टोचलेल्यांत १४७ पैकी ३, म्हणजे २ टक्के, न टोचलेल्यांत १२७ पैकी १०, म्हणजे जवळपास ८ टक्के. धोका चौपट कमी. उभं वाचलं तर: आजारी १३, त्यांतले टोचलेले ३, म्हणजे २३ टक्के. दुसरं वाक्य चुकीचं नाही, पण ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. वर्तमानपत्रात मात्र ते असं येतं: 'लस घेतलेल्यांनाही प्लेग, दर चार रोग्यांत एक लसवाला.' कोविडच्या दुसऱ्या वर्षी आमच्या फॅमिली ग्रुपवर हेच वाक्य, फक्त रोगाचं नाव बदलून, किती वेळा आलं ते मी मोजणं सोडून दिलं होतं.

याचं टोक पाहायचं तर धारवाडचा तुरुंग. तो तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथे सगळ्याच, म्हणजे ३७३ कैद्यांना टोचलं. त्यानंतर प्लेगचा एक रोगी निघाला. उभं वाचा: रोग्यांपैकी शंभर टक्के लस घेतलेले! आडवं वाचायला जा, तर तुलना करायला दुसरी ओळच नाही. धारवाडच्या कैद्यांसाठी ही सर्वांत चांगली गोष्ट झाली, आणि तक्ता करणाऱ्यासाठी सर्वांत निरुपयोगी.

हे वाक्य लिहून मी लॅपटॉप बंद केला आणि थोडा वेळ बाल्कनीत उभी राहिले. कारण त्याची दुसरी बाजू अशी की उमरखाडीचा तक्ता 'चांगला' आहे तो त्या खालच्या ओळीमुळे. त्या ओळीत १२७ माणसं आहेत, ज्यांना 'एक सोडून एक'मधल्या 'सोडून'ने गाठलं. त्यांच्यातले सहा गेले. कैद्याला नाही म्हणता येत होतं का, आणि शेजाऱ्याला टोचताना पाहून मलाही टोचा असं म्हणता येत होतं का? मोजणी करणाऱ्याच्या बाजूने एवढंच म्हणता येतं की त्या दिवशी, त्या अंगणात, लस वाचवते की मारते हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे कोणती ओळ नशीबवान हेही नाही.

उंढेऱ्याला मात्र एवढंही म्हणता येईल की नाही, मला शंका आहे.

*

उंढेरा हे बडोदे संस्थानातलं, बडोद्याजवळचं गाव. फेब्रुवारी १८९८मध्ये तिथे प्लेग जोरात होता. हाफकिन आणि त्याचे सहकारी तिथे गेले आणि गावातल्या जवळपास निम्म्या लोकांना टोचलं, तेही घर घेऊन: एका घरातल्या साधारण निम्म्यांना टोचायचं, निम्म्यांना नाही. कल्पना अशी की एकाच घरात एकच हवा, एकच उंदीर, एकच चूल. मग उरतो तो फरक लसीचा. (उंदीर आणि पिसवांचा संबंध तेव्हा पक्का झाला नव्हता, हे मी पुढचं ज्ञान मागे नेतेय.)

नंतर ज्या घरांत प्लेग शिरला तेवढीच घरं मोजली. त्यांत ७१ टोचलेले होते, ६४ न टोचलेले. टोचलेल्यांपैकी ८ आजारी पडले, ३ मेले. न टोचलेल्यांपैकी २७ आजारी पडले, २६ मेले.

सव्वीस. सत्तावीसपैकी.

संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा उमरखाडीपेक्षा कितीतरी भक्कम तक्ता आहे. मी हौसेने दोन्हींवर काय-वर्ग चाचणी लावली. ती एवढंच विचारते: लसीचा काहीच परिणाम नसता, तर निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती? उमरखाडीचा आकडा ५.१ येतो, म्हणजे शंभरात साधारण दोन-तीन वेळा असा योगायोग घडू शकतो. उंढेऱ्याचा १६.८ येतो, म्हणजे योगायोग विसरा. पण ही चाचणी चालवताना माझ्या डोक्यात चौकट नव्हती, घर होतं. एका घरात सहा माणसं. तिघांच्या दंडाला सूज, दोन दिवस ताप, मग बरे. पंधरा दिवसांनी उरलेल्या तिघांपैकी दोघं अंथरुणात, आणि घरातल्या सगळ्यांना माहीत की कोणाला टोचलं होतं आणि कोणाला नाही. आईला टोचलं आणि मुलाला नाही असंही झालं असेल. सारणीत 'घर' हा तिसरा प्रश्न होता, तो मोजून झाल्यावर मिटवला गेला.

काय-वर्ग चाचणी मी आत्ता लावली; हाफकिनकडे ती नव्हती. कार्ल पिअर्सनने ती १९०० साली लंडनमध्ये मांडली. त्याच वर्षी त्याचाच जुना सहकारी उडनी यूल याने अशा दोन-बाय-दोन तक्त्यांतला संबंध मोजायचं वेगळं माप सुचवलं, आणि पुढे दोघांचं त्यावरून जे भांडण जुंपलं ते आमच्या ऑफिसातल्या टॅब विरुद्ध स्पेसच्या भांडणाइतकंच कडू आणि त्यापेक्षा बरंच जास्त उपयोगी होतं. यूल या तक्त्यांसाठी ज्या साहित्याकडे पुनःपुन्हा वळला ते लसींचंच होतं: देवी, विषमज्वर, कॉलरा. १९१५मध्ये त्याने आणि मेजर ग्रीनवुडने मिळून लिहिलं की असा तक्ता ग्राह्य कधी धरायचा. दोन्ही ओळींतली माणसं बाकी सगळ्या बाबतींत सारखी हवीत, दोघांना संसर्गाचा धोका सारखा हवा, आणि रोग झाला की नाही हे ठरवताना लस घेतली होती की नाही याचा प्रभाव पडता कामा नये.

पण मला जास्त मजा वाटली ती १९०४च्या प्रकरणाची. आल्मरॉथ राइट याने ब्रिटिश सैन्यात विषमज्वराची लस टोचली होती आणि आकडे पिअर्सनकडे तपासायला आले. पिअर्सनला ते पटले नाहीत. त्याचा आक्षेप ओळखीचा आहे: लस घ्यायला पुढे येणारा सैनिक मुळातच जास्त काळजी घेणारा असेल. त्याने उपाय सुचवला की स्वयंसेवकांची यादी करा आणि त्यांतल्या एक सोडून एकालाच टोचा.

हे वाचून मी खुर्चीतून उठलेच. सहा वर्षांपूर्वी, डोंगरीत, हे करून झालं होतं! आणि राइट तर १८९८-९९च्या प्लेग कमिशनचा सदस्य होता, हाफकिनचे आकडे तपासणाऱ्यांपैकी एक. त्या कमिशनने लसीमुळे रोग आणि मृत्यू कमी होतात हे मान्य केलं, पण शहरांतल्या आकडेवारीवर ताशेरे ओढले, कारण पळापळीच्या शहरात न टोचलेल्यांची खरी संख्या किती हेच धड कळत नव्हतं. छेद डळमळीत असेल तर टक्केवारी कसली? मला कमिशनचं म्हणणं पटतं. फक्त तुरुंगाच्या अंगणात छेद डळमळीत नव्हता, आणि ती युक्ती राइटला स्वतःच्या लसीच्या वेळी आठवली असती तर बरं झालं असतं असं वाटून जातं.

*

हाफकिनच्या आयुष्यातला शेवटचा मोठा तक्ता त्याने केला नाही, तो त्याच्यावर केला गेला.

१८९९मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली, जिथे पुढे आमच्या काकूंचं टेबल होतं. तिथून देशभर बाटल्या जायच्या. ३० ऑक्टोबर १९०२ला पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना टोचलं. बाटल्या पाच होत्या. काही दिवसांत १९ जण धनुर्वाताने मेले. आता दोन प्रश्न विचारा: कोणत्या बाटलीतून टोचलं, आणि जगला की मेला? एकोणीसच्या एकोणीस जण ५३-एन या एकाच बाटलीतले होते. त्या बाटलीतून टोचलेलं कुणी वाचलं नाही, आणि इतर चार बाटल्यांतल्या कुणाला काही झालं नाही. मी आजवर पाहिलेल्या तक्त्यांत इतका स्वच्छ तक्ता दुसरा नाही. दोन चौकटींत शून्य.

आणि तरी तो निकाल देत नाही. बाटली दोषी, हे ठरलं. पण बाटलीत विष कुठे शिरलं, परळला भरताना की मुलकोवालला उघडताना? तक्त्यात तो प्रश्न विचारलेलाच नव्हता. मुंबईचे सरन्यायाधीश लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीने बोट परळकडे दाखवलं. हाफकिनने लस निर्जंतुक करायची पद्धत बदलली होती, कार्बोलिक आम्ल वगळून उष्णतेवर भर दिला होता. संशयाला तेवढं पुरलं. त्याला पदावरून दूर केलं गेलं आणि तो हिंदुस्थान सोडून गेला. तो ज्यू होता, रशियन होता आणि डॉक्टरकीची पदवी त्याच्याकडे नव्हती. गोऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या वर्तुळात यांतली प्रत्येक गोष्ट त्याच्याविरुद्ध मोजली गेली असणार.

नंतर जे पुढे आलं ते चौकटींबाहेरचं होतं. मुलकोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. शिवाय बाटली भरून कित्येक आठवडे झाले होते. दूषण तेव्हाचं असतं तर उघडताना घाण वास यायला हवा होता, आणि तो आला नव्हता. रोनाल्ड रॉस आणि इतर नामांकित शास्त्रज्ञांनी १९०७मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिनची बाजू घेतली. त्याला परत बोलावण्यात आलं, पण कलकत्त्याला. परळ त्याला पुन्हा मिळालं नाही. परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव मिळालं १९२५ साली. पाच वर्षांनी तो स्वित्झर्लंडमध्ये वारला.

काकूंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांना बाटलीचा नंबरसुद्धा माहीत होता. "आमच्याकडे नवीन माणूस आला की त्याला हे सांगायचे," त्या म्हणाल्या. "बाटलीवर नंबर का घालायचा ते समजावं म्हणून." मग चहाचा कप ठेवत म्हणाल्या, "ते जाऊ दे. तुझा कागद काढलास का बोर्डावरून?"

काढला होता. त्याच्या जागी चार चौकटींचा लावला होता, आणि त्यावरून कमिटीच्या सचिवांनी मला फोन करून विचारलं होतं की तू कुणाच्या बाजूची आहेस. त्यांचं म्हणणं, कायद्याला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. ५६ पैकी ३१ म्हणजे पंचावन्न टक्के. मग कोण कुठे राहतो ही चौकशी कशाला? कायद्याने त्यांचं बरोबर आहे. बाहेर राहणाऱ्याची मालकी माझ्या आईच्या मालकीपेक्षा कमी नाही. पण इमारत पाडल्यावर तीन वर्षं भाड्याच्या घरात जाऊन राहायचंय ते वरच्या ओळीला, आणि भाड्याचा धनादेश मध्येच थांबला तर काय, हा प्रश्न मुंबईत काल्पनिक नाही. वरच्या ओळीतल्या १६ 'नाही'पैकी अकरा जणांनी शेऱ्यात तेवढंच लिहिलं होतं. मी शेऱ्याचा रकाना तोपर्यंत उघडलाच नव्हता.

न भरलेल्या आठ फ्लॅटची घंटा मात्र मी या वेळी स्वतः वाजवली. लॅपटॉप नेला नाही; दोनशे पानी वही घेतली, पट्टीने रेघा मारल्या, पाचवीत करायचो तशा ताळ्याच्या खुणा करायच्या असं ठरवलं. काकू बरोबर आल्या. पहिल्या दोन घरांत 'नाही', तिसऱ्यात 'हो', चौथ्यात 'मुलाला विचारून सांगते'. पहिल्या मजल्यावरचे आजोबा एकटे असतात. त्यांनी दार उघडलं, आम्हाला बसवलं, वही हातात घेऊन दोन्ही रकान्यांचे मथळे वाचले आणि म्हणाले, "किती वर्षं लागतील म्हणालीस?"

"तीन. म्हणजे ते तीन म्हणतात."

"मी चौऱ्याऐंशीचा आहे. मी असेन का ते सांग, मग मी सांगतो."

काकू हसल्या, आजोबाही हसले. मी पट्टी घेऊन उजवीकडे आणखी एक रेघ मारली आणि त्यांची खूण तिथे केली. चौथ्या घराचीही तिथेच हलवली. त्या रकान्याला मथळा काय द्यायचा यावर काकूंचं आणि माझं जिना चढेपर्यंत एकमत झालं नाही. सभा रविवारी अकराला आहे, आणि तीन घरं अजून बाकी आहेत.